उशीवरची बिजागरी

नदीपलीकडच्या कंपनीचा नवा लॅपटॉप सकाळी अकराला बाजारात आला आणि बाराच्या आत तो अलीकडच्या कंपनीत पै-रूच्या टेबलावर होता. विभागातले सगळ्यांत जुने कारागीर पेंगमास्तर स्वतः ग्वांगह्वाच्या संगणक-बाजारात रांगेत उभे राहून तो घेऊन आले होते. तीस वर्षांत हा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. पलीकडच्यांचा फोन असो, टॅबलेट असो की लॅपटॉप, पहिला नग मास्तरांनी आणायचा, आधी गिऱ्हाइकासारखा वापरायचा, मगच त्याचे भाग सोडवायचे. आणि परत जोडून चालू होईपर्यंत त्याला बरंवाईट काही बोलायचं नाही. "ज्याला जोडता येत नाही त्यानं तोंड उघडू नये," असं मास्तर म्हणत.

पलीकडचे म्हणजे काही परके नव्हते. खिडकीतून त्यांच्या इमारतीवरची पाटी दिसायची. पै-रूचा दीर तिकडे टॅबलेटच्या विभागात होता. सणाला सगळे एका टेबलाशी जेवत आणि कामाचा विषय निघाला की दोघंही अचानक माशाचे काटे काढायला लागत. फोनात पलीकडचे पुढे, टॅबलेटमध्ये अलीकडचे. लॅपटॉपचं मात्र दर वर्षी नव्यानं ठरायचं.

अलीकडच्यांच्या या वर्षीच्या लॅपटॉपची बिजागरी पै-रूची होती. झाकण आणि बुड यांना धरून ठेवणारी, दोन बोटं लांबीची वस्तू. पोटात लेक होती तेव्हा तिनं ती रेखाटायला घेतली होती. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर विभागप्रमुख फानसाहेब म्हणाले होते, "पुरवठादाराची तयार बिजागरी पडलीय. घेऊन टाकू. तू आता घराकडं बघ जरा." ते बोलले मायेनंच, पण पै-रूला ते लागलं. त्यानंतर पाच महिने ती बिजागरीवर भुतासारखी बसली. आज तीन वाजता साच्याच्या कागदावर सही व्हायची होती. एकदा पोलाद कापलं की फिरवाफिरवी नाही.

जेवणाच्या डब्यातलं अंडं तसंच ठेवून तिनं सासूला फोन लावला.

"आई, झोपली का ती? श्वास नीट घेतेय ना? फोटो पाठवा."

"मगाशी तर पाठवला! अगं, नात आहे माझी, तुझ्या चाचणीतलं यंत्र नाही. दर तासाला काय मोजतेस?"

"नाक चोंदलं होतं सकाळी."

"नाक तुझ्या नवऱ्याचंही चोंदायचं. मोठा झालाच ना? जेव तू."

साडेबाराला दुपारच्या झोपेसाठी पडदे ओढून दिवे मालवले. रोजच्यासारखी सगळ्यांनी खणातून उशी काढली, टेबलावर ठेवली आणि डोकी टेकली. दोन मिनिटांत पेंगमास्तरांचा घोरण्याचा सूर लागला. दीड वाजेपर्यंत आता कुणी खुर्चीसुद्धा सरकवणार नव्हतं. पै-रूची बदकांची पिवळी उशी मात्र नवीकोरी होती. लेक झाल्यापासून तिला दिवसा झोप म्हणून लागत नसे. डोळे मिटले की लेकीचं नाक दिसायचं.

पलीकडचा लॅपटॉप समोर होता. बघितल्याशिवाय राहवेना. पण चाचणीच्या टेबलावर काळ्या ग्रॅनाइटची लादी, त्यावर काही ठेवलं की टक्‌ वाजणार. म्हणून तिनं लादीवर उशी ठेवली आणि आधी आपल्या लॅपटॉपचा नमुना त्यावर अलगद टेकवला. डाव्या हातात फोन, फोनवर झोपलेली लेक. उजव्या हाताच्या एका बोटानं तिनं झाकण उचललं.

झाकणाबरोबर बुडाचा पुढचा भागही उचलला गेला. अडलेल्या घोड्यानं पुढचे पाय उचलावेत तसा.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. हेच झाकण ग्रॅनाइटवर एका बोटानं हजार वेळा उघडलं होतं, फानसाहेबांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

मग तिनं उशीवर पलीकडचा लॅपटॉप ठेवला. बोट लावलं. झाकण वर आलं, पाण्यातून कमळ यावं तसं, कुठं आवाज नाही, कुठं धक्का नाही. बुड उशीत गुपचूप बसून होतं.

आपली बिजागरी हरली, हे पै-रूला कळलं. पण त्याच क्षणी, तिची तिलाच लाज वाटावी इतकं, तिला ते आवडलं.

तिनं मग जे केलं ते त्या इमारतीत कुणी केलं नसेल. भर दुपारच्या झोपेत मास्तरांना हलवलं.

"आग लागली?"

"नाही."

"भूकंप?"

"नाही मास्तर. उशी."

मास्तरांनी एक डोळा उघडला. तिनं दोन्ही लॅपटॉप उघडून दाखवले. दुसरा डोळाही उघडला.

टेबलावरच्या छोट्या दिव्यात दोघांनी पलीकडचा लॅपटॉप सोडवायला घेतला. प्रत्येक स्क्रू कागदावरच्या आपापल्या गोलात. लांबीत केसाइतका फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतली सर्किटची पाटी फुटते. बिजागरी बाहेर आली. मास्तरांनी भिंग तिच्या हातात दिलं. "तू बघ."

आतली पोलादी दांडी गोल होती, पण एका अंगाला किंचित चपटी. झाकण उठताना सुरुवातीला पकड सैल, मग दांडी फिरेल तशी हळूहळू आवळत जाणारी. एवढंच. ना जादा भाग, ना जादा वजन.

"किती साधं आहे हो हे," ती कुजबुजली.

"श्श! जोडून झाल्यावर."

दिवे लागले तेव्हा शेवटचा स्क्रू बसत होता. लॅपटॉप चालू झाला. मास्तर मोठ्ठा श्वास सोडून म्हणाले, "आता बोलतो. ज्यानं हे घासलंय त्याला मी चहा पाजीन. स्वतः करून पाजीन."

"तिनं," पै-रू म्हणाली. "मला वाटतं ती बाई असेल. एका हातावर पोर असल्याशिवाय हे सुचत नाही."

"आणि तुला नाही सुचलं?"

"मी पोराला घरी ठेवून ग्रॅनाइटवर तपासत बसले ना, मास्तर."

मास्तर हसले, मग गंभीर झाले. "तीन वाजता बोलणार आहेस? गप्प बसलीस तर इथं कुणाला कळणार नाही. बोललीस तर तयार बिजागरी येईल. तुझी जाईल."

ती खिडकीतून पलीकडच्या पाटीकडे बघत राहिली. तिथल्या त्या अनोळखी बाईला, किंवा बुवाला, आपण हे बघितलं आणि झाकून ठेवलं हे सांगायची पाळी आली तर? माशाचे काटे काढत बसावं लागेल जन्मभर.

तीन वाजता ती दोन लॅपटॉप आणि बदकांची उशी घेऊन बैठकीला गेली.

"हे काय, झोपायला आलीस?" फानसाहेब म्हणाले.

"साहेब, एक बोट लावा. उशीवर."

नमुन्याचं बुड उचललं गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उशीवर कोण वापरतं लॅपटॉप?"

"मी. पलंगावर, मांडीवर, एका हातात लेक घेऊन. आपण सगळं दगडावर तपासलं, साहेब. चूक माझी. आता हा बघा."

फानसाहेबांनी पलीकडचा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. सहा वेळा.

"देखणं केलंय लेकाच्यांनी," ते शेवटी म्हणाले. "मग? आपणही दांडी चपटी करायची?"

"नाही. ती युक्ती त्यांची, हक्कही त्यांनीच नोंदवला असणार. आपल्याला आपली शोधावी लागेल."

"कशी?"

"अजून माहीत नाही."

फानसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "या खोलीत माहीत नाही असं म्हणणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं. बारा दिवस. तेराव्या दिवशी तयार बिजागरी, मग माझ्यापुढं रडायचं नाही."

"रडायला घरी एकजण आहे, साहेब."

उशी परत मागायला ती संध्याकाळी गेली, तर ती ग्रॅनाइटच्या लादीवरच होती आणि तिला चिठ्ठी डकवलेली होती. मास्तरांचं अक्षर: चाचणी साहित्य, क्रमांक एक्केचाळीस. नेऊ नये.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दिवे मालवले. पै-रूनं स्वेटरची घडी करून टेबलावर ठेवली. पलीकडच्या काठावरही आत्ता अंधार असेल, तिच्या मनात आलं. तिकडंही डोकी टेकली असतील. त्यांतलं एखादं जागं असेल, आपला लॅपटॉप नदीपार कुणी सोडवला असेल का, असा विचार करत. सोडवला बाई, तिनं मनातल्या मनात सांगितलं, आणि नीट जोडलाही.

एक वाजता सासूनं न मागता फोटो पाठवला. फोन टेबलावर थरथरला. पै-रूला कळलंच नाही. दीडला दिवे लागले तेव्हा मास्तर तिच्याकडे बघून खूश होऊन हसत होते, आणि तिच्या गालावर स्वेटरच्या बटणाचा गोल उमटला होता.