धूर मोजायला आलेली बाटली

मुरडलंत ना नाक? मुरडा! मी लघवी तपासायची बाटली बोलतेय. तुम्हाला माझी किळस येते, पण मला माणसांची येते, हे आज सांगूनच टाकते.

माझा जन्म कुपवाडच्या एका कारखान्यातला. शहाण्णव साली सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजच्या प्रियदर्शनी मॅडम मला साताऱ्याला, एका ट्रकच्या गॅरेजात घेऊन गेल्या. तिथं बंद शेडमध्ये तासन्‌तास इंजिनं चालू ठेवायचे. शी! झाकण लावलेलं होतं म्हणून बरं.

"गाड्यांचा धूर अंगात किती गेलाय ते लघवीतून कळतं. सुट्टी झाली की आपापली भरून द्या," मॅडम म्हणाल्या.

सतरा नंबरची मी कपिलच्या वाट्याला आले. वय सव्वीस, थुंकी काळी, खोकला म्हाताऱ्याचा. मालक नाथाजींनी त्याला बजावलंच होतं, "धूर निघाला तर तुला शेडातनं काढून स्टोअरला घेतो. न्हाई निघाला तर खोकल्याचं सोंग बंद."

आता सरळ भरून द्यावी की नाही? पण डिझेल-पंप दुरुस्त करणारा मिस्त्री नियाज कानाशी लागला, "धूरबिर काय न्हाई गड्या, दारू पकडत्यात ह्यात! काल वरातीत घेतलीस न्हवं?"

नियाज म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस! कपिल घाबरला आणि मला खिशात घालून घरी गेला. त्याची आई बनाबाई महाबळेश्वराकडच्या गावाहून सकाळीच आली होती.

"आई, एवढी भरून दे."

"आरं, माजी कशाला?"

"दे गं, नोकरीचा सवाल हाय."

माउलीनं दिली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. सतरा नंबर अगदी स्वच्छ! मॅडमनाही नवल वाटलं. नाथाजी हसले, "बगा, सोंग!" नियाजनं पाठ थोपटली, "वाचलास रं!" कपिल मान खाली घालून पुन्हा शेडमध्ये गेला. मला त्या तिघांचाही वीट आला.

दुसऱ्या तपासणीसाठी मॅडमनी आम्हाला धुऊन परत पाठवलं होतं. "कशाला आता?" म्हणत नाथाजींनी ती रद्द केली. त्याला आता वर्ष झालं, तेव्हापासून मी त्याच शेडमध्ये आहे. पोटात काळं वंगण, अंगावर काजळी. लघवी परवडली!

कपिल माझ्या शेजारीच उभा राहून खोकतो. परवा थुंकीत लाल दिसलं, ते त्यानं पायानं मातीत पुसलं.

अरे बाबा, मला रिकामी कर, घासून धू आणि सांगलीला जा. या खेपेला तुझी स्वतःची भर. लघवी आईची चालली, छाती उसनी मिळत नाही.