उराकामींचं रबरी मुंडकं

मी एक कापलेलं मुंडकं बोलतोय. दचकू नका, रबराचं आहे. आयुष्यभर लोक मला बघून खो खो हसले. आज जरा माझा राग ऐका.

माझा जन्म जपानमधल्या कावागुचीतल्या एका बंद पडलेल्या शेवयांच्या कारखान्यात झाला. उराकामी नावाचे वयस्क नट खुर्चीत बसले होते आणि मुखवटे करणारी इकुयो त्यांच्या चेहऱ्यावर गार लगदा थापत होती. श्वासासाठी नाकपुड्या तेवढ्या उघड्या.

"हसू नका हो, गालाला घडी पडेल!" ती ओरडली.

ते हसलेच. मग त्या साच्यातून मी निघालो. माझा एकेक केस इकुयोनं सुईनं रोवला. तीन आठवडे ती धड जेवली नाही.

आमचा दिग्दर्शक तोमोबे. दहा दिवसांत एक सिनेमा, आठ माणसं आणि बादल्या भरभरून साखरेच्या पाकाचं लाल रक्त. मला एकदा भुतानं झपाटलेल्या भातकुकरनं चावून तोडलं, एकदा सासूनं पंख्यात घातलं, एकदा शाळेच्या सहलीत राक्षसी खेकड्यानं छाटलं. एका सिनेमात तर मी मिशी लावून पुन्हा मेलो. दुसरं मुंडकं आणणार कुठून? उराकामींना माझा भारी अभिमान. प्रत्येक शूटिंगनंतर स्वतःच्या हातानं माझा चिकट चेहरा पुसायचे. नाहीतर मुंग्या लागायच्या.

गेल्या हिवाळ्यात ते खरेच गेले. टोफू आणायला निघाले आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळले.

एकोणपन्नासाव्या दिवशीचे दिवसकार्य उरकल्यावर त्यांची बायको फुसाए कारखान्यात आली. हातात रुमालात बांधलेला मिठाईचा डबा. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. "यांचा आपल्याला फार त्रास झाला असेल."

"छे छे वहिनी, त्रास तर आम्हीच दिला," तोमोबे तिच्याहून खाली वाकला.

"घरी यांचा एक धड फोटो नाही हो. एकात डोळा लोंबतोय, एकात कुऱ्हाड रुतलीय. शेवटी गाडीच्या परवान्यावरचा मोठा करून लावला. त्यात अगदी खिसेकापू दिसतात."

"हा हा! रंगेल माणूस होता!"

तिनं फळीवर ठेवलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे इथेच असतं का? ओल नाही ना लागत?"

"अजिबात नाही. काळजीच सोडा."

अरे गाढवा, ती मला मागत होती! आमच्याकडे मागणारा कधी सरळ मागत नाही. तो हवापाण्याचं बोलतो, ओल आहे का विचारतो, बाकीचं ऐकणाऱ्यानं ओळखायचं. तोमोबेला रक्ताची धार किती फूट उडेल ते बरोब्बर कळतं, समोरच्या बाईचं मन कळत नाही. इकुयोला मात्र कळलं होतं. ती कोपऱ्यात ब्रश धूत होती. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, कारण दिग्दर्शकाला चारचौघांत शिकवायचं कसं! मला तिचाही राग आला.

फुसाए आणखी दोनदा आली. एकदा लोणचं घेऊन, एकदा संत्री घेऊन. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा थंडीबद्दल बोलून परत गेली. बाई, तोंड उघड ना! मला ओरडावंसं वाटायचं. पण माझी जीभ रबराची.

चौथ्या खेपेला तोमोबेला एकदाचं काहीतरी सुचलं. "वहिनी, नव्या सिनेमात उराकामींना शेवटचा मान देणार. मुंडकं फोडून टाकायचं, ठिकऱ्या ठिकऱ्या! तुम्ही सगळ्यात पुढे बसायचं."

फुसाएचा चेहरा पांढरा पडला. तरी ती वाकली. "एवढा मान! आमची काय लायकी..."

शूटिंगच्या दिवशी दुपारी तिला खुर्ची दिली, अंगावर प्लॅस्टिक पांघरलं. माझ्या टाळूत इकुयोनं हवेची नळी बसवली.

"वहिनी, तयार?" तोमोबेनं विचारलं. माझी शेवटची आशा.

"आपल्याला उशीर नको माझ्यामुळे," फुसाए म्हणाली.

आणि मी फुटलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "झक्कास!" तोमोबे डोळे पुसत ओरडला. त्याला खरंच रडू आलं होतं, याचा तर मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कारखाना भाड्याचा, त्यामुळे फरशी लख्ख करून द्यावी लागते. सगळे फडकी घेऊन खाली बसले. फुसाएही बसली. "अहो, तुम्ही कशाला?" सगळे म्हणाले, पण कोणी तिला उठवेना आणि ती उठेना. कपाटाखाली माझा उजवा कान पडला होता. तिनं तो फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. इकुयोनं ते बघितलं. मग मान वळवून ती बादलीत फडकं पिळत राहिली.

आता मी, म्हणजे उरलेला तेवढा कान, फुसाएच्या घरी आहे, उदबत्तीशेजारी, त्या खिसेकापू फोटोसमोर. सिनेमा लागला. माझ्या ठिकऱ्यांवर लोक सगळ्यात जास्त हसतात म्हणे.

एका सकाळी तिनं दार लावून घेतलं, मला तळहातावर घेतलं आणि संसाराच्या एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. "शूटिंगला मरायला जाताना दर वेळी दारातून 'येतो' म्हणून गेलात. टोफू आणायला जाताना का नाही म्हणालात? का नाही?"

लोकहो, हवं असेल ते मागा. उद्धट म्हणाले तरी मागा. ही बाई तेव्हापासून रोज मला तेच विचारते, आणि उत्तर द्यायला माझ्याजवळ तोंड उरलेलं नाही.