धरायला माणसं नकोत

मित्रांनो, मला पाहिले की तुमच्यापैकी बरेच जण आधी ओठ घट्ट मिटून घेतात. मी डोंगरकडा गावच्या एका दवाखान्यातली, दातांच्या डॉक्टरांची जुनी खुर्ची आहे. लोखंडाचा सांगाडा, हिरवे रेक्झिन, वर दिवा आणि बाजूला चूळ भरायचे भांडे. बटण दाबले की माझी पाठ हळूहळू आडवी होते.

माझी उमेदीची वर्षे एका दंत महाविद्यालयात गेली. शिकाऊ डॉक्टर माझ्यावर बसवलेल्या रोग्यांवर हात साफ करत आणि माझे कौतुक करत. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या मांडीवर रंगाचे डबे आणि मोडके पंखे आले. डॉक्टर प्रतिक्षा यांनी स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा मला तिथून उचलले, मोटर दुरुस्त केली आणि केळी उतरवून परतणाऱ्या टेम्पोत घालून इकडे आणले.

हात टेकायच्या जागेचे माझे रेक्झिन मात्र सारखे फाटते. भ्यालेली माणसे तिथे नखे रोवतात. आमच्या भागात रोगी एकटा येत नाही. घरचे येतात, शेजारचे येतात, आणि दुखणे मोठे असेल तर धरायला येतात. एक जण डोके धरतो, दुसरा पाय. त्यात दुष्टावा नसतो, माया असते.

जळबा अशाच मायेने आपल्या बायकोला, जनकाबाईंना घेऊन आले. बाईंचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. सोबत भाऊबंदातले दोन दांडगे गडी होते.

"म्याडम, माणसं आणलीत बराबर," जळबा म्हणाले. "तुमी फकस्त पकड चालवा."

जनकाबाईंनी दारातून मला पाहिले आणि त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. धीर द्यावा म्हणून जळबांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जनकाबाई किंचाळल्या, हात झटकला आणि अनवाणीच रस्त्याला लागल्या.

"आगं, काहून पळून राहिली?" जळबा ओरडले. "इळा लागून बोट चिरलं तरी हूं न्हाई केलं हिनं, अन् एका दाताला भेती!"

डॉक्टरांनी त्यांना समजावून परत आणले आणि बाहेरच्या बाकावरच तपासले. "मावशी, गोळ्यांनी सूज उतरेल. पण दात राहिला तर पू पुन्हा होईल, आणि तो गळ्याकडे गेला तर जिवाशी येईल. दात काढावाच लागेल." मग त्या जळबांकडे वळल्या. "पण धरून काढणार नाही."

दर गुरुवारी हिंगोलीहून साधनाताई येत. मनाला बसलेल्या जुन्या धक्क्यांवर उपचार करणे हे त्यांचे काम. त्या जनकाबाईंना ओसरीत घेऊन बसत. दार उघडे असे, म्हणून मला सगळे ऐकू येई.

जनकाबाई लहान असताना बाजाराच्या दिवशी घोंगडीवर बसून दात काढणारा एक माणूस येई. एकदा त्यांचा दात काढायला मामाने त्यांचे डोके मांडीत दाबले, दोघांनी खांदे आणि पाय आवळले. त्या लेकराला कुणी काही सांगितले नाही, विचारले नाही.

"त्ये हात अजून हितं हायती, ताई," खांदा दाखवत जनकाबाई म्हणाल्या.

साधनाताईंनी घाई केली नाही. आठवण थोडी सांगायची, थांबायचे, पाय फरशीवर टेकवायचे आणि समोर जे दिसते त्याचे नाव घ्यायचे. लिंबाचे झाड, पंपाचे दुकान, केळीचा टेम्पो. श्वास खाली बसला की पुढची थोडी. पण आठवण दर वेळी एकाच जागी अडके. पकड तोंडात, डोके मामाच्या मांडीत.

"मग काय झालं?" ताई विचारत.

"मग काई न्हाई."

एका गुरुवारी मात्र जनकाबाई एकदम म्हणाल्या, "आवं ताई, चावले व्हते की मी! त्या पकडवाल्याच्या बोटाला. लई बोंबललं बेनं! तवा सोडलं समद्यांनी. अन् मी पळतच घर गाठलं."

"म्हणजे ते तिथंच संपलं होतं."

"संपलंच व्हतं की," जनकाबाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच न्हाई." आणि पदर तोंडाला लावून त्या हसू लागल्या.

त्यानंतर त्या माझ्यापर्यंत आल्या. आधी नुसता हात लावला. मग ताठ बसून पाहिले. डॉक्टरांनी बटण त्यांच्याच हाती दिले, तेव्हा मला किती तरी वेळा खालीवर केले. "जत्रंतला पाळणाच हाये!" त्या म्हणाल्या.

"तुम्ही हात वर केला की मी थांबणार," डॉक्टरांनी शब्द दिला.

दात काढायच्या दिवशी सुई जवळ येताच जनकाबाईंनी हात वर केला. डॉक्टर थांबल्या.

"काय झालं मावशी?"

"काई न्हाई. थांबता का ते बघितलं."

पुढे एकदा त्यांचा श्वास खरोखरच अडला. पुन्हा हात वर गेला, पुन्हा डॉक्टर थांबल्या. जनकाबाई दिवा, भिंत, खिडकी असे पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या. फकस्त बोटं संभाळा, म्याडम!"

दात निघाला. माझ्या रेक्झिनवर नखाचा एकही ओरखडा उठला नाही.

जळबा एवढा वेळ दोन्ही हात काखेत दाबून ओसरीत बसले होते. आता ते उठले, पण उंबरठ्यावरच थांबले.

"आत येऊ का गं?"

जनकाबाईंच्या तोंडात कापसाचा बोळा होता. त्यांनी हातानेच ये म्हटले.

मित्रांनो, मला पुसा, माझे नट आवळा, फाटले तर शिवा, मी आणखी पुष्कळ वर्षे चालेन. पण माझ्यावर बसायला कुणी भीत असेल, तर त्याला हसू नका आणि धरूही नका. आधी विचारा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.