बेबी ऑस्टिनची परतीची फेरी

काशीरामनं धोंडूला मारलं, असं बिरवाडीत आजही सांगतात. टपरीवर चहा पिताना सांगतात, एसटीची वाट बघताना सांगतात. स्क्रू आवळायचा विसरला म्हणे. पोलादपुरात दुसरंच सांगतात. तिथं म्हणतात, देवीनं मारला, नारळ फोडला नाय म्हणून. दोन्ही खोटं आहे. खरं काय ते एकट्या काशीरामला माहीत होतं, आणि त्यानं तोंड शिवून घेतलं.

काशीराम म्हणजे बिरवाडीच्या फाट्यावर हायवेला लागून ज्याचं पत्र्याचं गॅरेज होतं तो. धोंडू त्याचा आतेभाऊ. ट्रकवर ड्रायव्हर, आंबेनळी घाटातून माल चढवायचा-उतरवायचा. अंगानं काडी, बोलण्यात मिरची. दोघेही बौद्धवाडीतले, आणि दोघांना एकच खूळ. ते लागलं मुंबईच्या एका पारशी माणसामुळं. गोव्याला जाताना त्याची जुनी मोटार फाट्यावर बंद पडली, काशीरामनं चालू करून दिली, आणि बसल्या बसल्या तो सांगून गेला की घाटावरच्या माळावर लढाईच्या काळातली विमानाची पट्टी पडून आहे. दर हिवाळ्यात त्यांचा क्लब तिथं जुन्या गाड्या पळवतो. शर्यत नाही. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी भांडायचं. एकदा जायचं, एकदा परत यायचं, आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरायची. वाऱ्यानं पाठ ढकलली म्हणून कुणाला फुकटचा वेग मिळू नये, यासाठी. लहान इंजिनांचा गट वेगळा. त्यात ताशी सत्तर मैलांच्या वर कुणी गेलं नव्हतं.

"सत्तर?" धोंडू म्हणाला. "काशा, आपण जाऊ."

"गाडी कुठाय?"

"सयाजीच्या गोठ्यात."

सयाजी पोलादपूरचा जमीनदार. त्याच्या आज्याला कुणा साहेबानं जाताना दिलेली बेबी ऑस्टिन गोठ्यात म्हशींच्या शेजारी उभी होती. सीटवर कोंबड्या बसत होत्या.

"कशाला पायजे रे तुला?" सयाजीनं विचारलं.

"पळवायला."

"ही? ही आता फक्त अंडी देईल."

"देऊ दे. अंड्यांसकट नेतो," धोंडू म्हणाला.

सयाजीचं पाण्याचं इंजिन दोन उन्हाळे बंद पडलं होतं. काशीरामनं ते चालू करून दिलं, त्याच्या बदल्यात गाडी सुटली. इंजिनानं पाणी ओढलं तेव्हा सयाजीच्या घरातून चहा आला. तो ओटीच्या खाली, कान तुटलेल्या दोन वेगळ्या कपांत. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढं हाच सयाजी धर्माच्या गोष्टी सांगणार आहे.

मग पावसाळाभर दोघांनी त्या गाडीचं कातडं सोललं. दारं काढली, काच काढली, मडगार्ड काढले, मागची सीट काढली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाकडी हातोडीनं ठोकून नाक बनवलं, माशाच्या डोक्यासारखं. काशीरामनं हेड घासून खाली आणलं, म्हणजे आत दाब वाढेल. फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकं केलं. त्या इंजिनाचा क्रँक दोनच बेअरिंगवर फिरतो, वेग वाढला की धनुष्यासारखा वाकतो. म्हणून तो तासन् तास स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसायचा. पळवून आणायची, प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी. चहाच्या रंगाचा येईपर्यंत हेच.

सगळ्यात मोठा बदल कार्ब्युरेटरचा. मूळचा आडवा होता. तो फेकून काशीरामनं फियाटचा बसवला, उभा, वर तोंड असलेला. हवेची जाळी काढून टाकली आणि बॉनेटला भोक पाडलं. ते तोंड उघडं बाहेर डोकावायचं, भांड्याच्या तोटीएवढं.

भांडण झालं ते पुढच्या ब्रेकवरून. धोंडूला तेही काढायचे होते.

"वजन हाय नुसतं. पट्टी लांब हाय, शेवटाला पाय उचलला की इंजिनच गाडी धरतं. थांबायला काय, मागचे हायत की."

"नाय काढणार."

"घाबरतोस काय रे म्हातारीसारखा? घाटात भरलेला ट्रक उतरवतो मी!"

काशीरामनं काढले. त्याचं जे काय चुकलं ते एवढंच, आणि तेवढं त्याच्या नावावर मांडलं तर माझी हरकत नाही.

धोंडूची आई सुंदराबाई संध्याकाळी गॅरेजवर भाकरी घेऊन यायची. ही बाई साधी नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सासूच्या हातचे देव टोपलीत भरून हिनं स्वतः सावित्रीच्या डोहात सोडले होते. सासू छाती बडवत काठावर बसलेली, आणि ही गुडघाभर पाण्यात. वाडीत कुणी चोरून नवस बोललं तर हिला वास यायचा. नवरा गेला तेव्हाही हिनं देवाचं नाव घेतलं नाही.

धोंडू तिला कौतुकानं गाडी दाखवायचा. "हे बघ आये, इथनं ती श्वास घेते. जेवढा मोठा श्वास, तेवढी पळणार."

"मग धूळ जाईल की रे आत."

"म्हणून तर चिंधी कोंबलीय. पळायच्या टायमाला काढायची."

ती भाकरी सोडायची, पण डोळे गाडीवर. "ह्याच्यात बसणार तू? ह्याला दार पण नाय."

"दार कशाला? उतरायचंय कुणाला?"

ती हसली नाही.

निघायच्या सकाळी गाडी ट्रकवर चढवली, ताडपत्री बांधली. धोंडूच्या घरासमोर ट्रक लावून दोघं आत जाऊन चहा प्यायले. पोलादपुरात सयाजीनं ट्रक अंगणात थांबवला. गाडी बघायची होती म्हणे. त्याची बायको प्रयागबाई आरतीचं ताट घेऊनच बाहेर आली.

"ओवाळते हो. एवढ्या लांब निघालायत."

"नको पाटलीणबाई," धोंडू म्हणाला. "पेट्रोलची गाडी हाय. दिव्यानं पेटली तर तुमच्या म्हशी जळतील."

चार माणसं हसली. सयाजीचं तोंड लाल झालं. घाटाच्या पायथ्याला देवीची घुमटी आहे. तिथं प्रत्येक गाडी थांबते, नारळ फुटतो, नाहीतर नुसता हॉर्न वाजवून हात जोडतात. धोंडूनं ना नारळ फोडला ना हॉर्न वाजवला. मागून आलेल्या एसटीतल्या लोकांनी ते बघितलं, आणि लक्षातही ठेवलं.

माळावर थंडी मी म्हणत होती. मुंबईची मंडळी स्वेटर घालून थर्मासमधली कॉफी पीत होती. त्यांच्या गाड्या आरशासारख्या पुसलेल्या. यांची गाडी बघून एकजण गालात हसला, पण त्या पारशी माणसानं पुढं येऊन हात मिळवला. काशीरामनं चिंधी काढली, खिशात घातली. इंजिन हँडलच्या पहिल्याच झटक्याला लागलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. आवाज स्वच्छ होता.

पहिली फेरी. नाक जमिनीला घासल्यासारखी ती गाडी सुटली. आधी किरकिर, मग किंकाळी, मग नुसता एक ठिपका. पट्टीच्या टोकाला धोंडूनं पाय उचलला, आवाज खाली आला, गाडी थांबली. घड्याळवाल्यानं कागदावरून मान वर केली. "त्र्याहत्तर," तो म्हणाला.

कॉफीचे कप खाली आले.

धोंडूनं लांबून हात वर केला आणि गाडी वळवली. परतीची फेरी बाकी होती. ती नीट झाली की नाव लागणार होतं. बिरवाडीच्या बौद्धवाडीतल्या दोन माणसांचं नाव, इंग्रजीत, त्यांच्या फळ्यावर.

तो परत आला तो आधीपेक्षा जोरात. रेघ ओलांडली. आता पाय उचलेल. आता आवाज खाली येईल. आवाज खाली आला नाही. काशीरामला कानानं आधी कळलं, डोळ्यांनी नंतर. थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली श्वासाची झडप, अर्धवट उघडीच राहिली होती. धोंडूनं मागचे ब्रेक दाबले, मागची चाकं धरली, गाडी आडवी झाली आणि पट्टीच्या कडेच्या चरात दोनदा उलटली. मग इंजिन आपोआप बंद पडलं. ते आधी पडलं असतं तर...

काशीराम धावत पोचला तेव्हा धोंडूचे डोळे उघडे होते. त्यांत काही नव्हतं.

धोंडूचं पुण्यानुमोदन झालं. लोक पांगले. पोलादपुरात तोवर देवी जागी झाली होती. सयाजी नाक्यावर उभं राहून सांगत होता, "देव टाकलेत ह्यांनी. टाका. पण घाट देवीचा हाय." आणि माणसं माना हलवत होती. शिकलेली माणसं, मास्तर, तलाठी. एकाही हरामखोरानं विचारलं नाही की घाट तर गाडीनं सुखरूप चढला होता, मग देवी माळापर्यंत पाठलाग करत गेली काय?

काशीरामनं गॅरेज आतून लावून घेतलं आणि चेपलेली गाडी खोलायला घेतली. कार्ब्युरेटर हातात घेतला. थ्रॉटलची केबल मोकळी होती. स्प्रिंग शाबूत होती. सगळे स्क्रू आवळलेले होते. झडप बोटानं दाबली, तर ती पूर्ण मिटेना. उजेडाकडं धरून बघितलं. झडपेच्या कडेला आणि भिंतीच्या मध्ये एक तांदळाचा दाणा चेचून बसला होता. हळदीनं पिवळा, एका बाजूला कुंकू. वरच्या कड्याच्या खाचेत तेलानं चिकटलेला आणखी एक होता. आणखी असतील ते इंजिनानं गिळले असणार, हे दोघे पहिल्या फेरीत तिथंच दडून बसले असणार. परतीच्या हादऱ्यांनी एक सुटला, आणि झडप मिटायच्या क्षणी मध्ये येऊन अडकला.

अक्षता.

त्याच्या डोक्यात एकच नाव आलं, प्रयागबाई. ट्रक तिच्या अंगणात उभा होता. नको म्हटलं तरी ही बया मागून जाऊन तांदूळ टाकून आली. त्यानं दोन्ही दाणे काडेपेटीत घातले, काडेपेटी खिशात घातली आणि पोलादपूरला निघाला. नाक्यावर सगळ्यांसमोर सयाजीच्या हातावर ते दाणे ठेवायचे होते. हे बघ तुझ्या देवीचं काम. वाटेत आतेचं घर. तिला सांगून जायचं, तिला आधी कळायला हवं, म्हणून तो थांबला.

सुंदराबाई उंबऱ्यात बसली होती. डोक्यावर पदर नव्हता, समोर काही नव्हतं.

"आते, सापडलं मला. गाडीत काय झालं ते सापडलं."

"थांब. आधी माझं ऐक." तिनं त्याला खाली बसवलं. आत धोंडूची बहीण ललिता भांडी घासत होती. सुंदराबाईनं आवाज बारीक केला. "मी तुमच्या चोरून केलं रे. निघायच्या सकाळी तुम्ही चहाला आत आलात ना, तवा."

"काय केलंस?"

"ताडपत्री उचलली. चिंधी काढली, आणि गाडीच्या तोंडाशी तांदूळ वाहिले. हळदीकुंकवाचे. मूठभर नाय, चिमूटभर. म्हटलं, कोण असशील ती अस, माझ्या पोराला सांभाळ. आणि चिंधी होती तशी परत कोंबली, धूळ जाऊ नये म्हणून."

काशीरामच्या कानात परत ते इंजिन सुरू झालं.

"सासूचे देव बुडवले तवा पाय कापले नाय माझे. ह्या वक्ताला कापले. दार नव्हतं रे तिला. एवढ्या वर्षांत एकदाच हात जोडले, त्यालाबी कुणी पावलं नाय." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "धोंडूला कळलं असतं तर माझ्याशी बोलला नसता. तू रागावलास?"

"नाय आते."

"मग सांग. काय सापडलं?"

त्याचा हात खिशात होता. काडेपेटी बोटांनी चेपत होती. आत दोन दाणे वाजत होते, त्याला वाटत होतं हिला ऐकू येईल.

"स्क्रू," तो म्हणाला. "कार्ब्युरेटरचा स्क्रू. सैल राहिला होता."

"कुणी सैल ठेवला?"

"मी. आवळायचा विसरलो."

तिचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या उंबऱ्यावरनं ऊठ."

तो उठला. तो पोलादपूरला गेला नाही. सयाजी नाक्यावर बोलत राहिला आणि त्याला उत्तर देणारा दाणा काशीरामच्या खिशात राहिला. बिरवाडीत ललितानं ऐकलेलं वाडीभर झालं, वाडीतून हायवेवर गेलं. ट्रकवाले गॅरेजसमोरून न थांबता जाऊ लागले. "तिथं नको, तो स्क्रू विसरतो." पत्रे विकून काशीराम कारखान्यात फिटर लागला, पाइप जोडायला. पंचक्रोशीत त्याच्यासारखा इंजिन ऐकणारा माणूस नव्हता, आणि तो आयुष्यभर तेजाबाचे पाइप जोडत बसला.

उद्या कुणी म्हणेल, केवढा थोर माणूस. थोर नाही. त्याला दुसरं काही सुचलंच नाही, एवढंच. आणि ज्यांना सगळं सुचतं ते नाक्यावर उभे होते.

सुंदराबाई पुढं पुष्कळ जगली. काशीराम समोरून आला तर तोंड फिरवायची. शेवटच्या आजारात तो दारापर्यंत गेला, तेव्हा तिनं भिंतीकडं कूस बदलली. त्यानं दार हळूच ओढून घेतलं. अंत्ययात्रेत तो खांदा द्यायला पुढं झाला, तर ललितानं त्याचं मनगट धरलं. "तू नको, काशीदादा. तिला आवडणार नाय." तो सगळ्यांच्या मागून चालत गेला.

आमच्याकडं दोन वेळा भात लागतो. काशीराम भात खात नाही. लग्नात, पुण्यानुमोदनात, कुठंही. पानावर वाढायला आले की हात आडवा करतो आणि नाचणीची भाकरी मागतो. विचारलं तर म्हणतो, साखर आहे मला.

साखर नाही त्याला.