रडक्या घेवड्याचे कपाट

मित्रांनो, कृषी कार्यालयाच्या नोंदवहीत माझी ओळख ‘कपाट, लाकडी, क्रमांक सतरा’ एवढीच आहे. मी आता म्हातारा झालो आहे. माझे अठ्ठेचाळीस खण ओढताना कुरकुरतात. पण मी सांगणार आहे ती गोष्ट माझ्या पोटातल्या बियांची आहे.

मला घडवणारा सुतार मोठा थट्टेखोर होता. कार्यालयाच्या साहेबांनी सांगितले, “प्रत्येक खणात दोन मुठी बी मावलं पाहिजे.” त्याने विचारले, “मूठ कुणाची, साहेब? तुमची धरली तर कपाट खिशात बसेल.” साहेब चणीने खरेच लहान होते. ते खळखळून हसले आणि सुताराचीच मूठ ठरली.

हे साहेब सायकलवरून गावोगाव हिंडत. कुणाच्या परसात वेगळा घेवडा दिसला की दोन मुठी मागून आणत, माझ्या खणात ठेवत आणि खणाच्या तळाशी चिठ्ठी चिकटवत. कुणी दिला, कुठल्या जमिनीत येतो, सारे त्यात बारीक अक्षरात असे. त्या दिवसांतला माझा थाट काय सांगू! कार्यालयात कुणी पाहुणा आला की त्याला आधी माझ्यापुढे उभे करत. पांढरे, तांबूस, काळे, ठिपक्यांचे घेवडे पाहून तो तोंडात बोट घाली आणि मी फुशारून जाई.

पुढे साहेब निवृत्त झाले. त्याच सुमारास वरून आदेश आला, की सगळ्यांनी भरघोस पिकणारा एकच घेवडा लावावा. आदेशामागे वाईट हेतू नव्हता. घराघरात पोटभर अन्न पोहोचावे, हीच इच्छा होती. पीकही दृष्ट लागण्यासारखे आले. मग माझ्याकडे कोण बघणार? बी दर दोन-तीन वर्षांनी पेरून नवे करावे लागते. ते कुणी केले नाही. माझ्या खणांत ते हळूहळू मरत गेले, आणि दिसायला मात्र तसेच चकचकीत राहिले. नंतर त्याच्या शेजारी टाचण्या आल्या, शिक्के आले, चहाचे चमचे आले. शेवटी एक दिवस मला भंगारात काढले.

कार्यालयातल्या शिपाईकाकांचा जीव माझ्यावर होता. त्यांच्या बहिणीच्या गावात, वर डोंगरावर, बायकांचा एक गट होता. प्रत्येकीकडचे बी एकत्र ठेवायचे, पेरणीला एक मूठ न्यायची आणि पीक आले की दोन मुठी परत आणायच्या, असा त्यांचा नियम. बी पत्र्याच्या डब्यांत ठेवलेले आणि उंदरांनी उच्छाद मांडलेला. काकांनी रीतसर अर्ज करून मला टेम्पोत घातले आणि तिथे पोहोचवले. काकांच्या बहिणीला सगळ्या मावशी म्हणत. तिने माझे जुने बी ओल्या फडक्यात बांधून ठेवले. आठ दिवस झाले तरी एकालाही कोंब फुटला नाही.

मावशीची धाकटी जाऊ फणकाऱ्याने म्हणाली, “सासूबाईंनी विश्वासाने दिलं होतं त्या सायकलवाल्या साहेबांना. सांभाळायला नेलं आणि मारून ठेवलं!”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मावशीने माझे खण पुसले आणि जुन्या दाण्यांशी रंग-ठिपके जुळवून ज्याच्या त्याच्या खणात जिवंत बी भरले.

काही वर्षे सुखाची गेली. मग खालच्या खोऱ्यात तांबेरा पडला. घेवड्याची पाने गंजल्यासारखी झाली आणि गळून गेली. सगळीकडे एकच वाण असल्यामुळे एक शेत गेले तसे दुसरेही गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले.

अशातच एका दुपारी नव्या कृषी अधिकारी बाई डोंगर चढून आल्या. त्यांच्या हातात नोटीस होती. सरकारी यादीत नसलेले बी वाटायला मनाई होती आणि गट तर तेच करत होता. गटाकडचे बी जप्त करायचे, असे बाईंनी नोटिशीतून वाचून दाखवले.

मावशी म्हणाली, “बाई, न्यायचं तर सगळं घेऊन जा. पण कपाटात ठेवू नका, पेरा. एवढंच मागणं आहे.”

बाईंनी नोटीस घडी करून पिशवीत टाकली. “खरं सांगू? खाली लोक माझ्याकडे बी मागतायत आणि माझ्याकडे द्यायला एक दाणा नाही. इथे बी आहे, तर ते द्यायची मला परवानगी नाही. तांबेऱ्यात टिकलेलं काही आहे का तुमच्याकडे?”

“रडका टिकतो की,” मावशी म्हणाली. त्या घेवड्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका असतो आणि त्यातून अश्रूसारखी रेघ ओघळते, म्हणून तो रडका. दाखवायला तिने खण पुरता रिकामा केला आणि तळाची चिठ्ठी बाईंना दिसली. त्यांनी ती मोठ्याने वाचली : ‘काळ्या डोळ्याचा घेवडा. वरचे गाव. तांबेरा पडला तरी शेंग धरतो.’

“हे तर आमच्याच कार्यालयातल्या जुन्या नोंदवह्यांतलं अक्षर!” बाई म्हणाल्या. “म्हणजे आम्हाला ठाऊक होतं. आणि आम्ही विसरलो.”

जाऊ मात्र खणावर हात ठेवून उभी राहिली. “एकदा दिलं होतं तुम्हाला. आता परत नाही.”

बाईंनी युक्तिवाद केला नाही. “बरोबर आहे तुमचं,” एवढेच त्या म्हणाल्या. मग जमिनीवर बसून त्यांनी विचारले, “काय लिहून दिलं तर द्याल?”

संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली. अर्धे बी गटाकडे राहील आणि दरवर्षी इथल्याच शेतात पेरले जाईल. अर्धे कार्यालयाच्या थंड खोलीत राहील आणि वेळोवेळी नवे केले जाईल. वाणावर नाव गटाचे असेल आणि गटाला विचारल्याशिवाय बी कुणाला मिळणार नाही. बाईंनी आधी वरिष्ठांकडून सही आणली, तेव्हाच जावेने हात काढला.

दोन हंगाम गटाच्या नऊ शेतांत आणि सरकारी शेतात रडका एकाच वेळी तपासला गेला. एका वर्षी रानडुकरांनी चार शेते उधळली, तेव्हा बाईंनी सरकारी शेतातले बी परत वर पाठवले. नियम बदलायला मात्र तिसरे वर्ष उजाडले. गटांनी जपलेले वाण गटाच्या नावाने नोंदवता येतील आणि शेतकऱ्यांना आपसात बी देता येईल, असा कागद निघाला. तो वाचताना बाईंचा आवाज कापत होता. मावशी म्हणाली, “रडक्याचं नाव काढलं की सगळे रडायला लागतात बघा!” आणि खोली हसण्याने भरून गेली.

आज खोऱ्यात सहा वाणांचा घेवडा होतो. सगळे काही वाचले नाही. सायकलवाल्या साहेबांनी जमवलेल्या वाणांपैकी अकरा आता कुठेच नाहीत. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्यात आहेत, बी नाही. अधिकारी बाईंची बदली झाली, पण लिहून ठेवलेले बदलले नाही. जाऊ दरवर्षी कार्यालयात जाते आणि नव्या साहेबांना सांगते, “थंड खोली उघडा. मला बी डोळ्यांनी बघायचंय.” साहेब मुकाट्याने किल्ली आणतात.

मित्रांनो, परवा गटातल्या मुली मला रंग लावायचे म्हणत होत्या. त्यांची माया मला कळते. पण तुम्हाला माझी खरीच काळजी असेल, तर रंग राहू द्या. पेरणी आली की माझे सगळे खण उघडा आणि मला अगदी रिकामे करून टाका.