प्रकाशवर्ष तिसरे

‘उडतं झाकण’ या आमच्या विज्ञानकथांच्या अनियतकालिकाला वाचनालयात जागा मिळाली. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या, कारण त्या सकाळी मावशीला आणि मलाही ते माहीत नव्हतं.

मावशी शिवणकाम करते. संपादक तीच आणि बांधणीही तिचीच: झेरॉक्सची पानं ती थेट शिलाई मशीनखाली घालते, त्यामुळे आमचा एखादा परग्रहवासी कॉलरसकट बाहेर पडतो. टायपिंग माझं. वाचक बावीस होते, ते चारवर आले. त्यातले दोघे आम्हीच.

“वाचनालयाने हा अंक ठेवला तर पुढचा काढू,” मावशी म्हणाली. “नाहीतर हा शेवटचा. मग मी गुमान उशांचे अभ्रे शिवते.”

वाचनालय किमान तीन वर्षं टिकलेलीच नियतकालिकं घेतं. ग्रंथपालांनी चष्मा पुसून मुखपृष्ठ वाचलं. “इथे ‘प्रकाशवर्ष तिसरे’ लिहिलंय.”

पहिल्याच अंकात मी ‘प्रकाशन वर्ष’मधला ‘न’ खाल्ला होता. पुढचे सगळे अंक त्यावरूनच उतरवलेले.

“गधड्या,” मावशी मला म्हणाली, “तीन वर्षं एक अक्षर पोटात घेऊन फिरतोयस?”

“बाई, प्रकाशवर्ष हे अंतर आहे, कालावधी नव्हे,” ग्रंथपाल म्हणाले. “यावरून तीन वर्षं झाली असं मला धरता येत नाही.”

“मग तीन प्रकाशवर्षं लांबून आलोय असं धरा. इतक्या लांबून आलेल्याला कुणी दारातून परत पाठवतं का?”

ग्रंथपालांनी नोंदवहीवर बराच वेळ बोट फिरवलं आणि अंक ‘प्रवासवर्णन’ या सदरात चढवला. तिथे वर्षांची अट नव्हती. शिक्का मारून ते हळूच म्हणाले, “मोजे हरवलेल्या त्या यंत्रमानवाचं शेवटी काय झालं हो? झेरॉक्सवाला तुमच्या अंकाची वाया गेलेली पानं मला देतो. पण शेवटचं पान त्याच्याकडून कधी वायाच जात नाही.”

मावशीने घरी येताच सुईत दोरा ओवला. मी ‘न’ परत बसवायला गेलो, तर तिने माझा हात धरला आणि पुढच्या अंकाच्या मागच्या पानासाठी मजकूर सांगितला:

“मा. ग्रंथपाल यांस, प्रस्तुत अंकाने कापलेले अंतर विचारात घेऊन त्यास तीन प्रकाशवर्षे लांबीचे फडताळ मंजूर करण्यात यावे. जागेची अडचण असल्यास तूर्त अडीच चालेल.”