तिसऱ्या कडव्याची जागा

पहिली थप्पड बसली तेव्हा हायफनकाका दुसऱ्या कडव्याचा आकडा डावीकडे सरकवत होते. थप्पड जोरदार होती. चष्मा उडून छपाईयंत्राखाली गेला आणि संगणकाच्या पडद्यावरचा आकडा हवा होता त्यापेक्षा बराच पुढे सरकला. काकांनी एक हात गालावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने आधी आकडा जागेवर आणला. गालाचं नंतरही बघता आलं असतं.

मारणारा माणूस कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने सोबत आणला होता. काकांची मान त्याच्या मनगटाएवढी होती. अधिकारी स्वतः खुर्चीवर बसून रुमालाने कपाळ टिपत होता. तो स्वभावाने सौम्य होता, म्हणूनच त्याने मारायला वेगळा माणूस ठेवला होता.

"काका, साधी गोष्ट आहे," अधिकारी म्हणाला. "तिसरं कडवं काढायचं. बाकी गाणं छानच आहे."

काकांनी सांगितलं की गाणं चार कडव्यांचं आहे आणि चारही कडवी कारखान्याच्याच कचेरीतून आली आहेत.

"कचेरीत एक गाढव आहे," अधिकारी म्हणाला. "त्याच्याकडे आम्ही सकाळीच जाऊन आलो."

काका त्या छापखान्यात एकतीस वर्षं स्वरलिपीची पानं लावत होते. आधी हाताने, मग संगणकावर. वर स्वर, त्याखाली एकेका कडव्याच्या शब्दांची एकेक ओळ, शब्द अक्षराअक्षराने फोडलेले आणि दोन अक्षरांच्या मधे बारीकशी आडवी रेघ. त्या रेघेवरून त्यांना हायफन हे नाव पडलं. अंगकाठीही तशीच होती. झोपले की अंथरुणावर रेघ ओढल्यासारखी दिसे. हजारो शब्द त्यांनी तोडले आणि जोडले, पण स्वतःचं लग्न काही जोडलं नाही. घरी धाकट्या भावाची विधवा होती. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती. दोघं एकाच छताखाली वीस वर्षं, दिवसाला दहाबारा वाक्यं बोलत, व्यवस्थित राहत होती.

काकांचा एकच हट्ट सगळ्या छापखान्याला ठाऊक होता. कडव्यांना आपोआप क्रमांक देण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती, पण काका आकडे हाताने टाकत. हाताने टाकलेला आकडा पहिल्या अक्षराला चिकटतो, प्रोग्रॅम दोघांना एकच समजून मधोमध आणतो आणि बिचारं अक्षर आपल्या स्वराखालून उजवीकडे घसरतं. मग काका ते बोटाबोटाने ढकलून परत स्वराखाली आणायचे आणि आकडा डावीकडे बाहेर लटकवायचे. मुद्रितं तपासणाऱ्या बाई म्हणायच्या, "अहो, यंत्र करतंय ना ते काम." काका म्हणायचे, "यंत्राला गाणं माहीत नसतं."

हे गाणं काकांना माहीत होतं.

वीस वर्षांपूर्वी कारखान्यात संप झाला होता. सतराव्या दिवशी बोलणी करायला म्हणून सात जणांना फाटकाच्या आत बोलावलं आणि फाटक लावून घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या लोकांना लोखंडी गजांचा आवाज ऐकू येत होता. आधी तो दगडावर मारल्यासारखा येत होता, मग ओल्या पोत्यावर मारल्यासारखा यायला लागला. तासाभराने फाटक उघडलं. काकांनी भावाला ओळखलं ते बुटांवरून. ओळखण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं. चौकशी झाली आणि सातही जण चेंगराचेंगरीत मेले असं ठरलं. सात माणसांची चेंगराचेंगरी कशी होते, हे विचारणाऱ्या वकिलाचा पाय महिन्याभरात मोडला, त्यामुळे तो प्रश्न लंगडा पडला.

सातांसाठी ना दगड लागला ना पाटी. कोणीतरी कारखान्याच्या जुन्या गाण्यात एक कडवं घातलं, तेवढंच.

एक फिटर, दोन वेल्डर, तीन भट्टीवाले,
क्रेनवरचा शीळवाला, सातवा त्यांच्यात;
पायी पायी आत गेले, उचलून आणले,
फाटकाला ठाऊक आहे कोणाचा तो हात.

शीळवाला म्हणजे काकांचा भाऊ. क्रेनवर बसून तो दिवसभर शीळ घालायचा, आणि बेसूर घालायचा.

जुने कामगार ते कडवं आपसात गुणगुणत. पण जुने आता थोडे उरले होते. कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, नव्या पोरापोरींचा गायकवृंद उभा केला होता, आणि ती मंडळी गाणं काका लावत होते त्या पुस्तिकेत बघून गाणार होती. पुस्तिकेत असेल ते गाणं, नसेल ते झालंच नाही.

म्हणून काका आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला म्हणाले, "नाही काढत."

छापखान्याचे मालक तिथेच उभे होते. बाहेर कुत्री फार भुंकतायत, असं म्हणून ते बघायला गेले. कुत्री भुंकत नव्हती. अधिकाऱ्याने उसासा टाकला. मारणाऱ्या माणसाने काकांचा उजवा हात धरला, टेबलाचा खण उघडला, बोटं त्याच्या कडेवर ठेवली आणि खणाला लाथ घातली. पेन्सिली मोडाव्यात तसा आवाज आला. दोन पेन्सिली. काका खुर्चीतून घसरले, त्यांना पुन्हा नीट बसवण्यात आलं.

"तुमची भावजय आमच्याच कॅन्टीनमध्ये आहे ना?" अधिकारी म्हणाला. "तिला तर कामाला दहाही बोटं लागत असतील."

काकांनी डाव्या हाताने चष्मा मागितला. त्या माणसाने गुडघे टेकून यंत्राखालून तो काढून दिला, काच शर्टाला पुसूनही दिली. काकांनी कडवं खोडायला घेतलं. फिटर गेला, वेल्डर गेले, भट्टीवाले गेले. शीळवाल्यापाशी डावा हात थोडा थांबला, मग तोही गेला. अधिकारी खांद्यावरून अक्षर न् अक्षर जाताना बघत होता. त्याला स्वरलिपी कळत नव्हती, पण फाटक आणि हात हे शब्द तो नीट ओळखत होता. ते दोन्ही गेल्यावर त्याने पान एकदा वरून खाली न्याहाळलं.

"छान. मोकळं मोकळं दिसतंय," तो म्हणाला. "उद्या छापा."

ते गेल्यावर तपासनीस बाई कागदाच्या गठ्ठ्यांमागून बाहेर आल्या. त्यांनी काकांची दोन बोटं फूटपट्टीला बांधली. बांधता बांधता त्यांची नजर पडद्यावर गेली.

"दोननंतर चार?"

"हाताने टाकलेत आकडे. आपोआप बदलत नाहीत."

"आणि मधे ही ओळ कोरी?"

"प्रत्येक कडव्याची ओळ वेगळी असते. खालची वर सरकत नाही."

"वर अजून 'चाल चार वेळा' लिहिलंय."

"ते वेगळं बदलावं लागतं," काका म्हणाले.

चार खोडून तीन करायला दोन सेकंद लागतात, ओळ वर घ्यायला आणखी दहा. बाई काकांकडे बघत राहिल्या. काका बोटांकडे बघत राहिले.

"किती वर्षं झाली, यंत्राचं ऐका म्हणून सांगतेय," बाई म्हणाल्या, आणि मुद्रितावर 'तपासले' लिहून त्यांनी झोकात सही केली.

समारंभ त्याच फाटकासमोरच्या मैदानात झाला. मंडप, खुर्च्या, पाहुणे, वाद्यवृंद, आणि कडेने काठ्या घेतलेले सुरक्षारक्षक. काका शेवटच्या रांगेमागे, हात गळ्यात बांधून उभे होते. भावजय पाण्याच्या टेबलामागे ग्लास भरत होती. बोटांचं काय झालं म्हणून तिने घरी विचारलं होतं. खणात सापडली, असं काकांनी सांगितलं होतं. ते खरंच होतं.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. वाद्यवृंदाने पानावर लिहिल्याप्रमाणे चाल तिसऱ्यांदा धरली. नव्या पोरापोरींनी त्याच सकाळी हातात आलेल्या पुस्तिकेत बघितलं. तिथे शब्दच नव्हते. तोंडं उघडली आणि तशीच राहिली. दोननंतर चार. सगळे एकमेकांकडे बघू लागले, वाजवणारे मात्र वाजवत राहिले. दीड हजार माणसांसमोर नुसती चाल चालू होती, तिच्यावर कोणी नाही.

काकांचा बेत एवढाच होता. लोकांना भोक दिसावं. कोणीतरी शेजाऱ्याला विचारावं, इथे काय होतं.

तेवढ्यात पाण्याच्या टेबलामागून एक आवाज आला. एक फिटर, दोन वेल्डर. भावजयीचा आवाज काही गोड नव्हता, पण चालीत चोख बसत होता. वीस वर्षांत काकांनी तिला गाताना ऐकलं नव्हतं. भट्टीवाल्यांपाशी मधल्या रांगांतले पाचसहा म्हातारे उभे राहिले. शीळवाल्यापाशी शंभरेक जण झाले.

मग काठ्या आल्या. पहिली एका म्हाताऱ्याच्या कानशिलावर बसली. तो खुर्ची घेऊनच खाली गेला. दुसऱ्या कोणीतरी ती खुर्ची उचलून रक्षकाच्या तोंडावर हाणली. ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट एकाच्या डोक्यात घातला. ट्रम्पेट वाकला आणि डोकंही. एका रक्षकाला ढोलात ढकललं, तो कातडं फोडून कमरेपर्यंत आत गेला आणि तिथूनच काठी फिरवत राहिला. पाहुणे टेबलाखाली शिरले. सौम्य अधिकाऱ्यालाही त्या दिवशी स्वतःच्या हाताने मारावं लागलं, सोबतचा माणूस गर्दीत सापडला होता. पुस्तिकांवर रक्त पडत होतं आणि त्यांच्यावरून बूट जात होते.

काका खुर्च्या तुडवत पाण्याच्या टेबलाकडे निघाले. बरगडीत काठी बसली, ते पडले, उठले. भावजय तिसऱ्या ओळीवर होती. काठी तिच्या जबड्यावर बसताना त्यांनी बघितली. तिने तोंडातून लाल लाळ आणि दोन दात थुंकले, टेबलाची कड धरली आणि चौथी ओळ घेतली. शब्द फुटत नव्हते, नुसती चाल येत होती. शब्द बाकीच्यांनी पुरवले.

चौथं कडवं कोणीच म्हटलं नाही.

इस्पितळात पोलीस चौकशीला आला. आकडा हेतुपुरस्सर तसा ठेवला का, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, "चूक झाली. हाताने टाकायची जुनी सवय." एकतीस वर्षांत अशी चूक किती वेळा झाली, या प्रश्नाला काकांनी "ही पहिली" असं प्रामाणिक उत्तर दिलं. पोलिसाने 'चूक' असं लिहून खाली रेघ ओढली. सगळ्या पुस्तिका जप्त झाल्या होत्या. फक्त तपासनीस बाईंनी एक पोलक्यात दडवून आणून भावजयीच्या उशाशी ठेवली होती.

तिचा जबडा तारेने बांधला होता. काका पलंगापाशी स्टुलावर बसले. बरगड्यांमुळे त्यांना नीट वाकता येत नव्हतं.

"मला वाटलं नव्हतं तू गाशील," ते म्हणाले. "ती जागा मी ठेवली. हे तुला माझ्यापायी झालं."

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. उशाखालून पुस्तिका काढून तिने त्यांच्यासमोर धरली. पानावर बुटाची अर्धी टाच उमटली होती. कोऱ्या ओळीत तिने पेन्सिलीने कडवं लिहिलं होतं. अक्षरं फोडलेली, प्रत्येक अक्षर आपापल्या स्वराखाली, मधे बारीक रेघा. काकांनी कधी शिकवलं नव्हतं. ते घरी पानं तपासत बसत तेव्हा ती समोर बसून भाजी चिरायची, एवढंच.

काका ओळीवरून नजर फिरवत गेले. शीळवाला बरोबर होता. फाटक बरोबर होतं.

तिने पहिल्या अक्षराच्या डावीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन्सिल पुढे केली.

काकांनी ती डाव्या हातात धरली, पान मांडीवर सपाट केलं आणि अक्षराला न चिकटवता, थोडा बाहेर, ३ लिहिला. वाकडा आला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, आणि तसाच राहू दिला.